आयत्या वेळी सुचलेलं

आमच्या दादाने उभ्या आयुष्यात एकही गोष्ट स्वतःच्या मनाने ठरवलेली नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा इथे सांगायला कसला आलाय संकोच. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत चिकटला, कारण वडिलांनी चिकटवला. अंगातले शर्ट मी आणते. एका मुलीला तो आवडायचा, त्यालाही ती आवडायची. हा मात्र होकार कसा द्यावा याचा विचार करत बसला, तिने कंटाळून दुसऱ्याशी लग्न केलं, आणि पुढे हाच तिच्या नव्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून आला. 'आता बरी चालते,' एवढंच घरी येऊन म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे राहायला आला तोही मी त्याचं सामान उचलून आणलं म्हणून. ताटात पडेल ते खातो. मीठ कमी असलं तरी सांगत नाही. मी मागून जेवायला बसते तेव्हा मला कळतं.

अपवाद एकच, गिटार. एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत त्याला ती सापडली. घरोघरी विचारून आला, कुणीच आपली म्हणेना, म्हणून घरी आणली. रेडिओला कान लावून लावून शिकला. शिकला तेही जॅझ, म्हणजे आमच्या घरात कुणाला ज्याचं ना डोकं कळत होतं ना शेपूट असलं संगीत. त्याने मला एकदा समजावून सांगितलं होतं. चाल ठरलेली असते, पण मधल्या भागात वाजवणाऱ्याने त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं, आणि ते पुन्हा कधीच तसं वाजत नाही. 'बाकी सगळीकडे मी सगळ्यांचं ऐकतो चिमे,' तो म्हणाला होता, 'गिटारवर मी कुणाचं ऐकत नाही.' चिमी म्हणजे मी. केस पांढरे झाले तरी त्याच्या लेखी मी चिमीच आहे.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. हे पियानो सुरात लावायची कामं करतात आणि वाजवतातही. तरुणपणी एका हॉटेलातला पियानो लावायला गेले असताना लिफ्टमध्ये अडकले. दोन मजल्यांच्या मधे, अंधारात. ह्यांना बंद जागेची भयंकर भीती. आणि भीती वाटली की हे गुणगुणतात, ही त्यांची जन्माची खोड. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दाढ काढायला आले होते तेव्हा डॉक्टरांची बोटं तोंडात असताना हे गुणगुणत होते, आणि डॉक्टर माझ्याकडे बघत होते. तर लिफ्टमध्ये हे गुणगुणायला लागले, आणि वर लिफ्टच्या टपावर बसून दुरुस्ती करणाऱ्या माणसाने शीळ घालून पुढची चाल पुरी केली. तो दादा. तासाभराने दार उघडलं तेव्हा दोघं घट्ट मित्र झालेले होते. दादा त्यांना घरी घेऊन आला, मी चहा केला, आणि मग जे व्हायचं ते झालं. 'मी लिफ्टमधून सुटलो आणि इथे अडकलो,' हा विनोद हे अजून करतात. मी अजून हसत नाही.

लग्नानंतर ते एकमेकांना 'दाजी' आणि 'मेव्हणे' म्हणायला लागले. हाक मानाची, पुढे सरळ अरे-तुरे. त्याच हॉटेलात दर शनिवारी दोघं वाजवायचे. पियानोला टेकवून दादाची खुर्ची, ह्यांच्या खांद्याला त्याचा खांदा लागेल इतकी जवळ, कारण जागाच तेवढी होती. समोर लोक जेवायचे. चमचे-काटे वाजायचे, मुलं रडायची, कुणी वाढदिवसाचं गाणं वाजवा म्हणून चिठ्ठी पाठवायचं. ऐकत कुणी नव्हतं. पण शनिवारी घरी येताना दादा जिना चढायचा तो दोन-दोन पायऱ्या एकदम. 'आज काय सुचलं गं,' म्हणायचा, 'कुठून सुचलं देव जाणे.' आठवडाभर लोकांनी बटण दाबायचं आणि ह्याने धावायचं, त्यातला तो एक दिवस त्याचा. मला संगीत कळत नाही, पण भावाचं तोंड कळतं.

मग हॉटेलवाल्यांनी ती जागा मोडायचं ठरवलं. पियानो जाणार, शनिवार जाणार. तेव्हा तिथे जेवायला येणारी एक बाई ह्यांना म्हणाली, माझा स्टुडिओ आहे, तुमचा अल्बम करू. म्हणजे इतकी वर्षं ऐकणारं एक माणूस होतं तर. तिच्या गळ्यात कायम हेडफोन लटकलेले असायचे, त्यामुळे आमच्या घरात तिचं नाव हेडफोनवाली पडलं. अल्बमच्या कव्हरवर काय छापायचं ते तिने विचारलं. ह्यांनी दहा गोष्टी सांगितल्या. दादा म्हणाला, 'मला एकच ओळ हवी. गिटार: सगळं आयत्या वेळी सुचलेलं.' आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. दादाला काहीतरी हवं होतं.

स्टुडिओ एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट सरकत्या जाळीच्या दाराची. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकताच दादा म्हणाला, 'हिचा ब्रेक झिजलाय.' मी म्हटलं, आज तरी दुकान बंद ठेव. मी दवाखान्यातून रजा काढून डबा घेऊन गेले होते, दोघं जेवायचं विसरतील म्हणून.

हेडफोनवालीने ह्यांना पियानोच्या मोठ्या खोलीत बसवलं आणि दादाला काचेपलीकडच्या छोट्या खोलीत. आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून असं करतात म्हणे. पियानोचं झाकण जवळजवळ मिटून वर जाड घोंगडी टाकली, माइक आत तारांपाशी ठेवले. दोघांच्या कानांवर हेडफोन. वाजवायला लागले. चाल झाली, छान झाली. मग दादाची पाळी आली, त्या क्षणी सुचेल ते वाजवायची.

त्याला काही सुचेना.

मला वाटलं, नवी जागा आहे, बुजला असेल. पण दिवसभर तेच. दादा दोन-चार सूर वाजवायचा, थांबायचा, पुन्हा तेच सूर वाजवायचा. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. एखादी वस्तू नेहमीच्या जागेवर ठेवलेली असावी आणि हात घातला तर तिथे नसावी, तसा. दुसऱ्या दिवशी तर त्याने चाल वाजवतानाही चूक केली. डबा तसाच परत आला. घरी आल्यावर मला म्हणाला, 'चिमे, झालं. वय झालं. हात आहेत, पण सुचायचं बंद झालं.' मी त्याला काहीबाही बोलले, पण आतून मी हादरले होते. ह्या माणसाकडे दुसरं होतं काय?

तिसऱ्या दिवशी हेडफोनवालीनेच काचेच्या खोलीतून त्याला बाहेर काढलं. 'हॉटेलात बसायचात तसे बसा,' म्हणाली, 'मिसळू दे आवाज.' पियानोचं झाकण उघडलं, खुर्ची खेटून ठेवली. ह्यांच्या तोंडापाशी तिने एक लहानसा माइक लावला. हे वाजवताना काहीतरी बारीक आवाज येतो, तो कसला हे कळलं तर मागून पुसून टाकता येईल, असं तिचं म्हणणं. आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. कारण दादा वाजवायला लागला होता, आणि काय वाजवत होता. धो धो सुचत होतं. हे पियानोवरून हसत होते. मी कोपऱ्यात बसून डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. दुपारपर्यंत अर्धा अल्बम झाला आणि दादाने डब्यातलं सगळं संपवलं.

जेवण झाल्यावर हेडफोनवाली म्हणाली, 'तो बारीक आवाज काय आहे बघू,' आणि तिने फक्त त्या लहान माइकचं रेकॉर्डिंग लावलं.

पियानो लांबून ऐकू येत होता, गिटार त्याहून लांबून. आणि जवळून, अगदी कानात, एका पुरुषाचं गुणगुणणं. आधी तो आवाज एक वळण घ्यायचा, आणि त्याच्या मागोमाग, श्वासभर अंतराने, लांबून गिटार तेच वळण घ्यायची. आवाज वर चढायचा, गिटार वर चढायची. आवाज अडखळायचा, गिटार अडखळायची. मला वाटलं योगायोग असेल. पण ते थांबेचना. पुढे आवाज, मागे गिटार. काचेमागे हाच आवाज दादापर्यंत पोहोचत नव्हता. सकाळी जो ऐकून मी डोळे पुसले होते तो तुकडासुद्धा आधी त्या आवाजाने म्हटला होता.

'किती सुंदर आहे हे,' हेडफोनवाली म्हणाली. बिचारीला काय माहीत. 'आधी हे गातात, मग तुम्ही वाजवता. ठरवून करता का?'

आमचे हे पांढरे पडले होते. 'कोणाचा आवाज आहे हा?' त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. स्वतःचा आवाज त्यांनी ओळखला नाही. मी ओळखला होता. इतकी वर्षं तो आवाज न्हाणीघरातून, जिन्यावरून, शेजारच्या उशीवरून ऐकत आले होते, इतका की तो मला ऐकूच येईनासा झाला होता.

'दुसरं लावा,' दादा म्हणाला. तिने दुसरं लावलं. तेच. तिसरं लावलं. तेच. दादाचा चेहरा आमच्या दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर होतो तसा झाला होता. अर्धा चेहरा आपला असतो आणि अर्ध्याचा पत्ता नसतो. त्याने गिटार पिशवीत घातली, चेन लावली. मग अगदी अदबीने हेडफोनवालीला म्हणाला, 'कव्हरवरची ती ओळ काढून टाका.' आणि बाहेर गेला.

'मेव्हणे,' हे म्हणाले, पण त्यांना उठवेना. हात पियानोच्या पट्ट्यांवर तसेच ठेवून बसले होते. म्हटलं, ह्यांना नंतर बघू.

बाहेर आले तर खालच्या मजल्यावरून आरडाओरडा चालला होता. लिफ्ट अडकली म्हणून. अडकली कसली. ह्या जुन्या लिफ्टचं दार मधेच जरासं सरकवलं की ती जागच्या जागी थांबते, हे मी दादाकडून कितीदा तरी ऐकलं आहे. जिना उतरून बघते तर जाळीच्या मागे, माझ्या डोक्याच्या उंचीवर, दादाचे बूट. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबवून तो तिच्या जमिनीवर बसला होता. बुटांच्या वरचा दादा मला दिसत नव्हता.

'दादा, खाली ये,' मी बुटांना म्हटलं.

'आयत्या वेळी कसलं चिमे,' वरून आवाज आला. 'आयतंच होतं सगळं.'

मी जाळीला धरून उभी राहिले.

'आयत्या बिळावर नागोबा झालो गं मी. तो द्यायचा, मी वाजवायचो. आणि घरी येऊन तुला सांगायचो, आज काय सुचलं.' मग म्हणाला, 'आयुष्यभर लिफ्टसारखा वागलो. कुणीतरी बटण दाबायचं, मी वर जायचं. मला वाटायचं, एवढं एक तरी आपलं आहे. तिथेही बटणच होतं. मला दिसत नव्हतं एवढंच.'

असं काही ऐकल्यावर बहिणीने काय म्हणावं? चांगली बहीण असती तर म्हणाली असती, नाही रे दादा, तसं नाही. पण तसंच होतं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दादाचं एकमेव सुख माझ्या नवऱ्याचं निघालं होतं, आणि ते त्या नवऱ्याच्या गावीही नव्हतं. कुणावर चिडू? त्यात खालून एक माणूस सारखा विचारत होता, किती वेळ लागेल, किती वेळ लागेल. माझं डोकं फिरलं.

'मग बटण दाबल्यावर जाऊ नकोस ना,' मी म्हटलं. 'लोकांनी बटण दाबलंय, खालचा माणूस कोकलतोय, आणि तू ऐटीत मधेच बसून राहिलायस. येतं की तुला. इथे येतं तर तिथे का येत नाही?'

बूट हलले नाहीत. मी जिन्यात बसकण मारली. एवढ्यात वरून आमचे हे उतरत आले, कठड्याला धरून. त्यांनी लिफ्टकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि पायरीवर माझ्या शेजारी बसले.

'मला खरंच माहीत नव्हतं रे,' ते म्हणाले.

'माहितीये,' बूट म्हणाले.

'मला वाजवताना भीती वाटते. पहिल्यापासून. पुढे काय होणार ह्याची. तू शेजारी असतोस म्हणून वाजवतो.' लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि माझ्या नवऱ्याला पियानोची भीती वाटते हे मला एका जिन्यात कळलं. त्या दिवशी धक्के बसायचे किती, ह्याला काही मर्यादाच नव्हती.

मग दार सरकल्याचं ऐकू आलं आणि बूट वर जायला लागले. खालच्या माणसाने निश्वास सोडला, पण लिफ्ट खाली न येता स्टुडिओच्या मजल्यावर गेली. त्याचं नशीब.

आम्ही धापा टाकत पोहोचलो तोवर दादा गिटार काढून खुर्चीत बसला होता. 'शेवटचं गाणं राहिलंय,' म्हणाला. 'बस दाजी.'

हे बसले. 'मी तोंडात रुमाल धरतो,' म्हणाले.

'नको. गुणगुण.'

'आता नाही येणार. आता कळलं ना मला.'

'भीती वाटतेय?' दादाने विचारलं.

'खूप.'

'मग येईल.'

हेडफोनवालीने हात वर करून खूण केली. चाल झाली. संथ होती, मला नेहमी आवडायची. मग दादाची पाळी आली, आणि खरंच, ह्यांच्या ओठांतून तो बारीक आवाज सुरू झाला. आता माहीत असल्यामुळे मला तो कोपऱ्यातूनही ऐकू येत होता. दादालाही येत होता. ह्या खेपेला तो कान देऊन ऐकत होता. आवाज एक पायरी वर गेला, तिथून वळणार होता.

दादा वळला नाही. तो मधेच थांबला. एकच सूर धरून बसून राहिला, आणि त्याने फार वेळ लावला. मला वाटलं, संपलं, पुन्हा काही सुचत नाहीये. ह्यांचं गुणगुणणं पुढे जाऊन त्याची वाट बघायला लागलं. मग दादाने एक सूर वाजवला, भलताच, जिथे जायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मग त्याच्या शेजारचा. आणि मग तिथून तो निघाला.

गुणगुणणं तुटलं. 'अरे,' आमचे हे म्हणाले.

तोंडातून निघून गेलं त्यांच्या. हात क्षणभर थांबले होते. मग ते धावले दादाच्या मागे, चाचपडत, चुकत. पियानो मागे आणि गिटार पुढे. इतकी वर्षं मी त्या दोघांना ऐकत होते, पण पुढे काय होणार हे त्या खोलीत फक्त दादाला माहीत होतं, आणि मला वाटतं, त्यालाही फार आधी माहीत नव्हतं. त्याने मान वर केली नाही. ह्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते.

संपल्यावर हेडफोनवालीने घसा साफ केला. 'फार चांगलं झालं. तो 'अरे' मी पुसून टाकते.'

'नको,' दादा म्हणाला.

आम्ही तिघंही त्याच्याकडे वळलो.

'तो राहू दे. आणि कव्हरवरची ती ओळ घाला. पण सगळ्या गाण्यांसाठी नाही. फक्त ह्याच्यासमोर.'

आमचे हे भांडले. म्हणाले, असं काय करतोस, ओळ सगळ्या गाण्यांसाठीच राहू दे, कोणाला कळणार आहे. मीही म्हटलं, हेडफोनवालीनेही समजावलं. दादाने कुणाचं ऐकलं नाही. अल्बम आला तेव्हा तसंच छापून आलं. शेवटच्या गाण्याच्या पुढे, बारीक अक्षरात: गिटार, आयत्या वेळी सुचलेलं. किती लोकांनी ते वाचलं असेल देव जाणे. वाचलेल्यांना वाटलं असेल, बाकीची बसवलेली असतील.

हॉटेलातला पियानो गेला. आता दोघं शनिवारी आमच्याच घरी वाजवतात. हे अजून गुणगुणतात, आणि दादा कधी त्यांच्या मागे जातो, कधी जात नाही. जात नाही तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

परवा तिघंही एकत्र जेवायला बसलो होतो. दादाने दोन घास खाल्ले, हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

'चिमे,' म्हणाला, 'मीठ कमी आहे.'

हे गुणगुणायचे थांबले. मी उठले आणि मिठाची बरणी आणून त्याच्यासमोर ठेवली.